दिव्याभोवतीचं खळं नेमकं कुठे असतं? नागपुरात नोकरी केलेल्या सी. व्ही. रमण यांनी १९१९ मध्येच उत्तर दिलं होतं

नागपूरकरांना रमण विज्ञान केंद्र वेगळं सांगायला नको. गांधीसागर तलावासमोरची ती इमारत, तिथलं तारांगण आणि शाळेच्या सहलीला रांगेत उभं राहून पाहिलेली ती यंत्रं. १९९२ पासून विदर्भातल्या कित्येक पोरांनी विज्ञान पहिल्यांदा हाताळून बघितलं ते इथेच.

पण या केंद्राला सर चंद्रशेखर वेंकट रमण यांचं नाव आहे म्हटल्यावर आपण काय समजतो? मोठ्या माणसाचं नाव द्यायचं म्हणून दिलं असेल.

तर तसं नाही. रमण स्वतः नागपुरात राहून गेलेत. साल होतं १९१०. तेव्हा ते नोबेल विजेते नव्हते, प्रोफेसरही नव्हते. इंग्रज सरकारच्या हिशेब खात्यातले बाविशीतले अधिकारी होते.

रमण म्हटलं की आपल्याला २८ फेब्रुवारी, विज्ञान दिन आणि रमण इफेक्ट आठवतो. त्याच्या नऊ वर्षं आधी त्यांनी माणसाच्या डोळ्याबद्दल एक छोटा शोधनिबंध लिहिला होता, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आज कॉर्नियाच्या आजाराने हैराण असलेल्या माणसांना जो त्रास होतो, त्याच्या मुळाशी जाणारा प्रश्न त्यात होता.

प्रश्न अगदी साधा आहे. रात्री वर्धा रोडवर समोरून गाडी येते. तिच्या दिव्याभोवती प्रकाशाचं एक वलय दिसतं, चंद्राला खळं पडावं तसं. दिव्यातून बारीक बारीक किरणं फुटल्यासारखी वाटतात.

हे वलय असतं कुठे? दिव्यात? हवेत? की आणखी कुठे?

तब्येतीच्या तपासणीत नापास झालेला पोरगा

रमण यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा, तामिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीचा. वडील कॉलेजात शिकवायचे, घरात पुस्तकं भरपूर. हा मुलगा इतका हुशार की ज्या वयात आपण दहावीचं टेन्शन घेतो, त्या वयात तो मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून बी.ए. झाला. तेही पहिल्या नंबराने, १९०४ मध्ये.

आता पुढचं शिक्षण विलायतेत व्हायला पाहिजे, असं मास्तरांचं मत पडलं. पण त्याआधी सरकारी डॉक्टरची तपासणी होती. रमण अंगाने किरकोळ होते. विलायतेतली थंडी या पोराला झेपणार नाही असा शेरा डॉक्टरने दिला आणि विलायत तिथेच संपली.

रमण मद्रासमध्येच राहिले. १९०६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांचा पहिला शोधनिबंध लंडनच्या 'फिलॉसॉफिकल मॅगझिन' या नावाजलेल्या नियतकालिकात छापून आला. विषय होता प्रकाश. बारीक फटीतून जाताना प्रकाशाचे पट्टे कसे पडतात, त्याचा.

पण त्या काळात हिंदुस्थानात संशोधन करून पोट भरण्याची सोय जवळपास नव्हतीच. म्हणून १९०७ मध्ये त्यांनी वित्त सेवेची परीक्षा दिली, त्यातही पहिले आले, आणि त्याच वर्षी लोकसुंदरी यांच्याशी लग्न करून नोकरीसाठी कलकत्त्याला गेले.

दिवसा हिशेब, उरलेल्या वेळात प्रयोग

कलकत्त्यात बोबाजार स्ट्रीटवर इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स नावाची संस्था होती. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये मोठ्या हौसेने उभी केलेली. पण रमण तिथे पोहोचले तेव्हा प्रयोगशाळा जवळपास ओस पडली होती. त्यांनी परवानगी मागितली, ती मिळाली आणि दिनक्रम ठरून गेला. ऑफिसच्या आधी प्रयोगशाळा, मग दिवसभर सरकारी हिशेब, ऑफिस सुटलं की परत प्रयोगशाळा.

सरकारी नोकरी म्हटल्यावर बदली आलीच. १९०९ मध्ये त्यांना रंगूनला पाठवलं. त्याच सुमारास वडील वारले, त्यामुळे काही काळ मद्रासला थांबावं लागलं. मग १९१० मध्ये बदलीचा पुढचा हुकूम आला, नागपूरचा.

तेव्हाचं नागपूर म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी. सरकारी कचेऱ्या होत्या, पण बोबाजारसारखी प्रयोगशाळा इथे कुठून असणार? रमण यांचे चरित्रकार सांगतात की त्यांनी घरातच जागा करून प्रयोग चालू ठेवले. वर्ष व्हायच्या आतच बढती मिळाली आणि १९११ मध्ये ते कलकत्त्याला परतले.

नागपुरात त्यांनी कुठला जगप्रसिद्ध शोध लावला असं नाही. पण या बदल्यांच्या काळात त्यांची एक सवय पक्की झाली. मोठं यंत्र नसलं तरी काम थांबवायचं नाही. समोर जे आहे त्यावर प्रयोग करायचा. आणि समोर काहीच नसलं तरी एक यंत्र कायम सोबत असतं, स्वतःचा डोळा.

१९१९: डोळ्याच्या आत पाहणारा निबंध

१९१७ मध्ये रमण यांनी सरकारी नोकरी सोडली. सर आशुतोष मुखर्जी यांनी त्यांना कलकत्ता विद्यापीठात पालित प्रोफेसर म्हणून बोलावलं. पगार जवळपास निम्म्यावर येणार होता, तरी ते गेले. या पदासाठी परदेशात प्रशिक्षण घ्यायची अट होती, ती त्यांनी मान्य केली नाही. शेवटी विद्यापीठाने अट काढून टाकली.

दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, त्यांचा एक निबंध पुन्हा 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये आला. विषय होता डोळ्यातल्या पारदर्शक भागांमध्ये प्रकाश कसा विखुरतो. हो, तोच आपला वर्धा रोडवरचा प्रश्न.

अंधारात एखादा छोटा, तेजस्वी दिवा पाहिला की त्याच्याभोवती वलय दिसतं. रमण यांचं म्हणणं असं की हे वलय दिव्यातही नसतं आणि हवेतही नसतं. ते आपल्या डोळ्यातच तयार होतं. डोळ्याचे पारदर्शक भाग काचेसारखे एकजिनसी नसतात. त्यांच्यात अतिसूक्ष्म रचना असतात. त्यांना अडखळून थोडा प्रकाश आपली सरळ वाट सोडतो आणि आजूबाजूला पसरतो.

त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली. दिवा पांढरा असेल तर वलयात बारीक किरणांसारख्या रेषा दिसतात. एकाच रंगाचा प्रकाश असेल तर त्या रेषांच्या जागी ठिपक्याठिपक्यांचं नक्षीकाम दिसतं. असंख्य कणांनी विखुरलेले किरण एकमेकांत मिसळतात, कुठे एकमेकांना वाढवतात, कुठे खोडून काढतात, म्हणून हे ठिपके. पुढे लेसर आल्यावर अशाच ठिपक्यांचा अभ्यास ही विज्ञानाची एक मोठी शाखा बनली. रमण यांनी ते लेसरच्या कितीतरी आधी, डोळ्यात उमटणाऱ्या वलयात पाहिलं होतं.

ही झाली निरोगी डोळ्याची गोष्ट. म्हणजे थोडंसं खळं सगळ्यांनाच दिसतं. पण कॉर्निया आजारी पडला तर?

कॉर्निया पारदर्शक कसा राहतो?

कॉर्निया म्हणजे डोळ्याच्या काळ्या भागावरचा पारदर्शक पडदा. मराठीत त्याला पारपटल म्हणतात. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. बाहेरचा प्रकाश एका जागी आणण्याचं डोळ्याचं जे काम आहे, त्यातलं जवळपास दोन तृतीयांश हाच करतो.

गंमत बघा. कॉर्निया मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांनी बनलेला असतो. आपल्या डोळ्याचा पांढरा भागही कोलॅजनचाच. मग एक पांढरा आणि एक पारदर्शक, असं का?

याचं उत्तर १९५७ मध्ये डेव्हिड मॉरिस या शास्त्रज्ञाने मांडलं. कॉर्नियातले धागे अतिशय बारीक, एकसारख्या जाडीचे आणि जवळपास सारख्या अंतरावर असतात. प्रत्येक धागा थोडा प्रकाश विखुरतोच. पण या शिस्तीमुळे बाजूला जाणाऱ्या लहरी एकमेकींना खोडून काढतात आणि प्रकाश सरळ पुढे जातो. पांढऱ्या भागातले धागे लहानमोठे आणि वेडेवाकडे असतात, म्हणून तिथे प्रकाश चहूबाजूंना उधळतो.

कॉर्नियाचे बहुतेक आजार या शिस्तीवरच घाला घालतात.

कॉर्नियाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. तो पंपासारखा पाणी बाहेर काढत राहतो. फुक्स नावाच्या आजारात या पेशी हळूहळू कमी होतात, आणि माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. मग कॉर्नियात पाणी साठतं, धाग्यांमधलं अंतर बिघडतं आणि प्रकाश विखुरायला लागतो. अशा पेशंटला सकाळी उठल्यावर जास्त धूसर दिसतं, कारण रात्रभर डोळे मिटलेले असताना पाणी उडून जायला वाव नसतो. दिवस चढला की जरा बरं वाटतं.

दुसरं उदाहरण शेतातलं. कापणीच्या वेळी धसकट किंवा पात लागून बुबुळाला जखम होते, त्यात बुरशीचा संसर्ग होतो. जखम भरते, पण व्रण राहतो. गावाकडे यालाच डोळ्यात फूल पडलं म्हणतात. नवीन भरून आलेल्या जागी धाग्यांची जुनी शिस्त परत येत नाही.

केराटोकोनस हा तरुणांमध्ये आढळणारा आजार थोडा वेगळा. त्यात कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. तिथे त्रास मुख्यतः आकार बिघडल्यामुळे होतो. एकाच दिव्याच्या दोन-तीन सावल्या दिसतात, अक्षरांना शेपट्या फुटतात. व्रण पडला तर वर विखुरण्याचा त्रासही वाढतो.

तक्ता वाचता येतो, मग तक्रार कसली?

आता खऱ्या अडचणीकडे येऊ.

डोळे तपासायचे म्हणजे काय, तर भिंतीवरचा तक्ता वाचायचा. पांढऱ्या पाटीवर काळीकुट्ट अक्षरं. वरपासून खालपर्यंत वाचली की सहा बाय सहा, नजर ठीक.

पण कॉर्नियाचे काही पेशंट हा तक्ता बऱ्यापैकी वाचतात आणि तरी म्हणतात की नीट दिसत नाही. रात्री गाडी चालवता येत नाही. उन्हात समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. घरच्यांना वाटतं, नंबर तर निघाला नाही, मग हा माणूस उगाच कुरकुर करतोय.

तो उगाच कुरकुर करत नसतो. कल्पना करा, तुम्ही टॉकीजमध्ये पिक्चर बघताय आणि कुणीतरी बाजूचं दार उघडं ठेवलं. पडद्यावरचं चित्र फोकसमध्येच आहे, मोठी पाटी वाचताही येते. पण बाहेरचा उजेड पडद्यावर सांडल्यामुळे सगळं फिकट झालंय आणि अंधारातले सीन तर दिसतच नाहीत. कॉर्नियात विखुरलेला प्रकाश डोळ्याच्या मागच्या पडद्यावर असाच सांडतो. गडद आणि फिकट यांतला फरक पुसला जातो. तक्त्यावरची काळी अक्षरं यातूनही सुटतात. संध्याकाळच्या रस्त्यावर राखाडी कपड्यांतला पायी चालणारा माणूस सुटत नाही.

यात आणखी एक मेख आहे. विखुरलेला प्रकाश दोन दिशांना जातो. काही मागे, डोळ्याच्या बाहेर येतो. डॉक्टर यंत्रातून पाहतात तेव्हा कॉर्नियावर जो धुरकटपणा दिसतो, तो या मागे आलेल्या प्रकाशामुळे. काही प्रकाश पुढे, डोळ्याच्या आत जातो. पेशंटला त्रास देतो तो हा. आणि हे दोन्ही सारख्या प्रमाणात असतीलच असं नाही. म्हणजे कॉर्निया बाहेरून फारसा धुरकट दिसत नसतानाही आतून बघणाऱ्याला चांगलाच त्रास होत असू शकतो.

आत जाणारा हा प्रकाश मोजायची उपकरणं आता आहेत. त्यांच्यावरून असंही समजलं की वयानुसार निरोगी डोळ्यातही हे प्रमाण वाढतं. तरुणपणाच्या मानाने पासष्टीच्या आसपास ते साधारण दुप्पट होतं. त्यामुळे रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपतात, असं आजोबा म्हणतात तेव्हा ते खरंच सांगत असतात.

रमण यांच्या निबंधाचं मोल इथे कळतं. त्यांनी डोळ्यात बाहेरून डोकावून पाहिलं नव्हतं. डोळ्याच्या मालकाला आतून काय दिसतं, त्यालाच त्यांनी पुरावा मानलं. वलय हा भास म्हणून सोडून न देता त्याचं भौतिकशास्त्र शोधलं.

बोटीवर, आणि मग स्टॉकहोमला

हाच स्वभाव त्यांना पुढे घेऊन गेला. १९२१ मध्ये ते पहिल्यांदा विलायतेला गेले. ज्या थंडीने आधी वाट अडवली होती तिथेच, पण आता कलकत्ता विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून. येताना 'नारकुंडा' बोटीवरून त्यांनी निळ्याशार समुद्राकडे पाहिलं. समुद्राची निळाई म्हणजे नुसतं आकाशाचं प्रतिबिंब, असं तेव्हाचे थोर शास्त्रज्ञ लॉर्ड रॅली म्हणत. रमण यांनी खिशात मावणाऱ्या एका प्रिझमने ते प्रतिबिंब वगळून पाहिलं. समुद्र तरी निळाच, उलट जास्त निळा. म्हणजे पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरत होते. बोट मुंबई बंदरात पोहोचली तेव्हाची, २६ सप्टेंबर १९२१ ही तारीख टाकून त्यांनी 'नेचर'ला पत्र पाठवलं.

तिथून सात वर्षं हाच ध्यास. शिष्य के. एस. कृष्णन यांच्यासोबत त्यांनी एकामागून एक द्रव तपासले. १९२८ च्या फेब्रुवारीत दिसलं की विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग रंग बदलून येतो. सुरुवातीला हा क्षीण प्रकाश त्यांनी रंगीत काचा वापरून, अंधाराला सरावलेल्या डोळ्यांनी टिपला होता. २८ फेब्रुवारीला खात्री झाली. १९३० मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

इथे एक घोळ टाळू. दिव्याभोवतीचं खळं म्हणजे रमण इफेक्ट नव्हे. खळ्यात प्रकाश फक्त वाट बदलतो, रमण इफेक्टमध्ये त्याची तरंगलांबीच बदलते. पण दोन्हीकडे प्रश्न एकच, विखुरलेला प्रकाश आपल्याला काय सांगतो?

नागपूरशी नातं तुटलं नाही

१९३३ मध्ये रमण बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेले आणि १९४८ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली. पण नागपूरचा धागा कायम राहिला. त्यांचा भाचा एस. रामशेषन नागपुरात शिकला आणि पुढे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचा संचालक झाला. दुसरा भाचा एस. चंद्रशेखर १९५१ मध्ये नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात पहिला आला, मामांच्या हाताखाली संशोधन केलं आणि लिक्विड क्रिस्टलच्या क्षेत्रात जगभर नाव कमावलं.

आणखी एक शिष्य सांगायलाच हवा. जी. एन. रामचंद्रन. १९४३ मध्ये त्यांनी १९१९ च्या त्या ठिपक्यांचाच धागा पकडून प्रकाशवलयांवर निबंध लिहिला. पुढे मद्रासमध्ये, १९५० च्या दशकात, त्यांनी गोपीनाथ कर्था यांच्यासोबत कोलॅजनची तीन पदरी, पिळाच्या दोरीसारखी रचना उलगडून दाखवली. ज्याच्या धाग्यांनी कॉर्निया विणलेला असतो, तेच कोलॅजन.

म्हातारपणी पुन्हा डोळ्याकडे

भारतरत्न १९५४ मध्ये मिळालं होतं. साठच्या दशकात, सत्तरी ओलांडलेले रमण पुन्हा डोळ्याकडे वळले. रंगीत काचेतून उजळ पडद्याकडे पाहायचं आणि काच झटकन बाजूला करायची, म्हणजे स्वतःच्या डोळ्याच्या मागच्या पडद्याचं चित्र समोर दिसतं, अशी पद्धत त्यांनी वापरली. १९६८ मध्ये दृष्टीच्या विज्ञानावर त्यांचं पुस्तक आलं. रंग कसे दिसतात याबद्दल त्यांनी त्यात मांडलेली मतं तज्ज्ञांनी स्वीकारली नाहीत. रमण चुकू शकत होते, आणि इथे ते बऱ्याच अंशी चुकले. डोळ्यातल्या विखुरण्याबद्दलचं त्यांचं १९१९ चं निरीक्षण मात्र टिकलं.

२१ नोव्हेंबर १९७० ला बंगळूरला त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे अंत्यसंस्कार संस्थेच्या आवारातल्या बागेतच झाले.

मग आपण काय करायचं?

दिव्याभोवतीचं खळं अचानक वाढलं असेल, सकाळी धूसर आणि दुपारी बरं दिसत असेल, रात्री गाडी चालवणं अवघड झालं असेल, तर तक्ता वाचता आला म्हणून गप्प बसू नका. डॉक्टरांना हे असंच, याच शब्दांत सांगा. कारण कॉर्निया असेल, मोतीबिंदू असेल किंवा नुसती डोळ्यांची कोरडही असेल. खळ्यासोबत डोळा दुखत असेल आणि लाल झाला असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, कारण काचबिंदूचा झटका असाही येतो. शेतात डोळ्याला काही लागलं तर घरगुती औषध घालू नका.

कॉर्निया फारच खराब झाला तर तो बदलता येतो. माणसातलं पहिलं यशस्वी कॉर्निया रोपण १९०५ मध्ये झालं, तेव्हा रमण कॉलेजात होते. आज काही आजारांत संपूर्ण कॉर्निया न बदलता फक्त आतला थर बदलूनही काम होतं. पण त्यासाठी कुणीतरी मृत्यूनंतर डोळे दिलेले असावे लागतात. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवावं लागतं. चष्मा असलेला किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला माणूसही नेत्रदान करू शकतो.

आणि घरातलं कुणी म्हणालं की दिव्याभोवती खळं दिसतंय, तर त्याला भास होतोय असं म्हणून विषय संपवू नका. ते खळं खरं असतं. फक्त ते ज्याच्या डोळ्यात असतं त्यालाच दिसतं.